अकरा मालकांचं विमान

अँटिग्वा म्हटलं की आपल्याला व्हिव्ह रिचर्ड्स आठवतो. पूर्व कॅरिबियनमधल्या माणसाला आणखी एक नाव हटकून आठवतं, आणि पाठोपाठ तक्रारही सुरू होते: लिआट. ‘लीवर्ड आयलंड्स एअर ट्रान्स्पोर्ट’ या विमान कंपनीची ही आद्याक्षरं. लोकांनी त्यांचे आपापले अर्थ लावले. ‘लीव्ह आयलंड एनी टाइम’, म्हणजे विमान सुटेल तेव्हा खरं. ‘लगेज इन अनदर टर्मिनल’, म्हणजे तुम्ही या बेटावर, बॅग त्या बेटावर.

सुरुवात झाली 1956 साली, माँटसेराट बेटावर. फ्रँक डेलिल यांनी ‘पायपर अपाची’ हे मोटारीएवढ्या प्रवाशांचं एकुलतं एक विमान घेऊन अँटिग्वाच्या फेऱ्या सुरू केल्या. अंतर पन्नासएक किलोमीटर, पण मधे समुद्र. दोनच वर्षांनी ब्रिटिशांच्या दहा वसाहतींनी मिळून ‘वेस्ट इंडीज फेडरेशन’ थाटलं. ते 1962 मध्ये मोडलंही. संघराज्य गेलं, क्रिकेटचा संघ राहिला आणि ही विमानं राहिली. शिकायला बार्बाडोसला निघालेली मुलं, दवाखान्याला निघालेले आजारी, मयतीला निघालेले नातेवाईक, सगळे याच विमानात.

1971 मध्ये कंपनी ‘कोर्ट लाइन’ या ब्रिटिश समूहाकडे गेली. ऑगस्ट 1974 मध्ये तो समूहच बुडाला. विमानं थांबली तर बेटं एकमेकांपासून तुटणार, म्हणून अकरा सरकारांनी मिळून कंपनी घेतली. नवं नाव कंसासकट ठेवलं: लिआट (1974) लिमिटेड.

मालक अकरा झाले आणि दुखणं तिथेच सुरू झालं. विमान आपल्या बेटावर उतरावं असं प्रत्येकाला वाटे; तोटा मात्र शेजाऱ्याने भरावा. त्यात हा धंदाच अवघड. विमानाची झीज नुसत्या तासांवर नाही, उड्डाणं-उतरणं किती झाली यावरही मोजतात. वीस-वीस मिनिटांच्या टप्प्यांत इंजिनं आणि चाकं भराभर झिजतात. वर तिकिटावर प्रत्येक सरकारचा कर. भाडं चढलं की शिव्या कंपनीला.

2013 मध्ये कॅरिबियन डेव्हलपमेंट बँकेच्या कर्जातून जुन्या ‘डॅश 8’च्या जागी ‘एटीआर’ विमानं आणायला सुरुवात झाली. त्या उन्हाळ्यात वेळापत्रकाचा पार बोजवारा उडाला. एका प्रवाशाने कंपनीला पत्र लिहून आभार मानले: एका दिवसात सहा विमानतळ दाखवलेत, केवढी ही कृपा! ब्रिटिश उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांनी ते पत्र सगळीकडे पोचवलं आणि जग हसलं. बेटांवरचे लोकही हसले असतील, पण पुढच्या खेपेचं तिकीट त्यांना तिथेच काढायचं होतं.

माँटसेराटचा जुना विमानतळ 1997 मध्ये ज्वालामुखीने गिळला होता. कंपनीला गिळलं महासाथीने. 2020 मध्ये उड्डाणं थांबली, शेकडो कर्मचारी घरी बसले आणि देणी मिळण्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस थोड्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. जानेवारी 2024 मध्ये त्याही संपल्या.

त्याच वर्षी नायजेरियाच्या ‘एअर पीस’ कंपनीच्या भागीदारीत अँटिग्वाने नवी कंपनी उडवली. तिचं नाव लिआट 2020. जुन्या नावात बुडण्याचं साल होतं, नव्यातही आहे. तरी आद्याक्षरं बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही.