कढईभर तेलाचा प्रश्न

जालना जिल्ह्यात आपल्या वस्त्यांमधून कोंबडी शिजली ती रश्श्यातच. याला पाककलेचे नव्हे, गणिताचे कारण आहे. खाणारी तोंडे दहा आणि कोंबडी एक! रस्सा वाढवता येतो. तांब्याभर पाणी ओतायचे, भाजलेल्या धान्य-डाळीचा येसूर सोडायचा, की भाकरी कुस्करण्यापुरता दाटपणा आलाच. तळलेला तुकडा मात्र वाढवता येत नाही. शिवाय त्याला कढईभर तेल लागते, आणि आमच्या आयाबायांनी तेल आणले ते छटाक-पावशेराने. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातील महार-मांगांच्या ज्या स्वयंपाकाची नोंद केली, त्या ताटात तेल, तूप, दूध शोधून पाहावे.

हा केवळ दारिद्र्याचा प्रश्न आहे काय? बाबासाहेबांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) जयपूर संस्थानातील चकवारा गावची घटना दिली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या लोकांना जेवण दिले, पानात तूप वाढले. एवढ्यावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवले, माणसांना झोडपले. तूप त्याच्या पैशाचे होते. तरीही!

आता मुले तळलेली कोंबडी मागतात तेव्हा आपण “अमेरिकन खूळ” म्हणून नाक मुरडतो. अमेरिकेतील तरी कोणाचे? व्हर्जिनियात १६९२ च्या कायद्याने गुलामांजवळची घोडी, गुरे, डुकरे काढून घेतली. कायद्यात कोंबड्या नव्हत्या. वकिलाच्या नजरेला ही फट लगेच दिसते. गुलामांनी ती जगण्यासाठी वापरली. गुलामगिरी संपल्यावर त्याच व्हर्जिनियातील गॉर्डन्सविल स्थानकावर कृष्णवर्णीय स्त्रिया तळलेली कोंबडी आगगाडीच्या खिडक्यांतून विकत. त्या कमाईतून घर उभे राहिल्याचीही नोंद आहे. नाव आणि नफा पुढे कंपन्यांचा झाला. दलित पँथरने १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, त्यांच्या चुलीशी मात्र आपली ओळख झालीच नाही.

तेव्हा हा पदार्थ घरीच करावा. किलोभर हाडासकट तुकड्यांना चिरा द्याव्यात. दोन सपाट चहाचे चमचे मीठ, आले-लसूण, लाल तिखट, अर्धी वाटी दही आणि चमचाभर येसूर चोळून चार-पाच तास थंड जागी, जमल्यास फ्रिजमध्ये ठेवावे. घाई करू नये, मीठ आत मुरायला वेळ लागतो. येसूर आतल्या मसाल्यातच घालावा. तो आधीच भाजलेला असल्याने वरच्या कोरड्या पिठात घातला तर काळा पडून कडवटतो. वरून निम्मा मैदा, निम्मे तांदळाचे पीठ दाबून लावावे. फ्रिजमधले तुकडे तळण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवावेत.

कढई अर्धीच भरावी. पिठाची कणी टाकताच वर आली, की तेल तापले. एका वेळी चारच तुकडे सोडावेत. जास्त सोडले तर तेल थंडावते, पीठ तेल पिते. मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटे लागतात. हाडाजवळ टोचून लाल पाणी आले तर पुन्हा सोडावे.

पहिला तुकडा तळणारणीच्या ताटात पडावा; आजवर तिच्या वाट्याला मान आणि रस्साच आला. उरलेले तेल गाळून झाकून ठेवावे, दुसऱ्या दिवशी पिठल्याच्या फोडणीला चालते.