एकेका रेणूचा शोध

ज्याला तुम्ही उर्दूत खुर्दबीन म्हणता, त्यालाच मराठीत सूक्ष्मदर्शक म्हणतात. शाळेत त्यातून तुम्ही कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहिल्या असतील. पण पेशीतील एकच रेणू, म्हणजे एकच सालमा, पाहता येईल का?

साध्या सूक्ष्मदर्शकाने ते जमत नाही. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. दोन वस्तूंमधील अंतर सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा कमी असले, तर त्या वेगळ्या दिसत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी ही मर्यादा १८७३ साली मांडली.

या मर्यादेवर शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. रात्री दूरच्या डोंगरावरून पनवेलचे दिवे एकमेकांत मिसळलेले दिसतात. पण एका वेळी एकच दिवा लावला, तर त्याची जागा नेमकी सांगता येते. त्याचप्रमाणे रेणूंना चमकणारे पदार्थ जोडतात. एका वेळी थोडेच रेणू चमकवून त्यांच्या जागा नोंदवतात. अशा हजारो नोंदींतून संगणक पूर्ण चित्र तयार करतो.

ही युक्ती प्रत्यक्षात आणणारे अमेरिकेचे एरिक बेट्झिग काही वर्षे संशोधन सोडून वडिलांच्या कारखान्यात काम करत होते. पुढे ते विज्ञानाकडे परतले. हॅराल्ड हेस या मित्राच्या घरातील दिवाणखान्यात दोघांनी नवा सूक्ष्मदर्शक जोडला! २०१४ साली बेट्झिग, स्टेफान हेल व विल्यम मोर्नर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एकेक रेणू कशासाठी पाहायचा? पनवेल स्थानकातील गर्दी पाहून कोण कुठे चालला आहे, हे कळत नाही. त्यासाठी एकेकाच्या मागे जावे लागते. आपल्या पेशीत काइनेसिन नावाचे प्रथिन सुमारे ८ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत ओझे वाहून नेते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांनी अशा प्रथिनांचा अभ्यास लेसर प्रकाशाच्या 'चिमट्या'ने केला. त्याबद्दल त्यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

पनवेल तालुक्यातच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संस्था आहे. तेथे कर्करोगाच्या पेशींवर संशोधन चालते आणि पीएच.डी.ही करता येते. दहावीनंतर विज्ञान शाखा, मग बी.एस्सी., एम.एस्सी. आणि प्रवेश परीक्षा, अशी ही वाट आहे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात. त्या काळात विद्यावेतन मिळते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित, संगणक, यांपैकी कोणत्याही दारातून या क्षेत्रात येता येते. यंत्रे बनवणाऱ्या व सांभाळणाऱ्या कुशल हातांचीही येथे गरज असते.

वाट लांब आहे. कित्येक प्रयोग फसतात. इंग्रजीही नेटाने शिकावी लागते. पण आपण उर्दू माध्यमात शिकलो, म्हणून ही वाट आपली नाही, असे समजू नका. खलिया म्हणा, पेशी म्हणा किंवा सेल म्हणा. सूक्ष्मदर्शकातून दिसते ते एकच!

शब्दार्थ
पापुद्रा – पातळ थर
दिवाणखाना – घरातील बैठकीची खोली
विद्यावेतन – शिकत असताना मिळणारे मासिक पैसे
नेटाने – जिद्दीने, चिकाटीने

स्वाध्याय
१. पनवेलच्या दिव्यांचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
२. एकेका रेणूचा अभ्यास का करावा लागतो?
३. तुम्हाला कोणत्या दारातून या क्षेत्रात जायला आवडेल? पाच ओळी लिहा.