पाण्याला न शिवता पाणी तापवणे

लोणावळ्यात विजेबद्दल बोलायचं तर सुरुवात इथल्या तलावांपासूनच करायला हवी. वळवण आणि लोणावळा तलावांचं पाणी घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरतं आणि खोपोलीत वीज तयार होते. टाटांचं ते केंद्र १९१५ साली सुरू झालं. आजचा विषय बरोबर उलटा आहे. विजेने पाणी, दूध, तेल कसं तापवायचं, आणि तेही आत हीटर न बुडवता?

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. इंडक्शनने पाणी थेट तापत नाही, तापतो तो पोलादी पाइप. पाइपावर उष्णतारोधक थर, आणि त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. वेढ्यांतून उलटसुलट प्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि पाइपाच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व ते हेच. धातूच्या रोधामुळे या प्रवाहांची उष्णता होते आणि ती द्रवाला मिळते.

आपल्याकडे मडकं भाजण्यावरून मोठा वाद झाला. वैशेषिक म्हणाले, पाक परमाणूंत होतो. नैयायिक म्हणाले, अख्ख्या मडक्यात. पण अग्नीचा संयोग दोघांनीही धरलेला होता. इथे अग्नीच नाही! उष्णता धातूतच जन्मते.

मग घरातली ५० हर्ट्झची वीज सरळ का देत नाही? कारण वारंवारता वाढली की प्रवाह धातूच्या पृष्ठभागाजवळ गोळा होतो. वारंवारता ६४० पट केली, म्हणजे ३२ किलोहर्ट्झवर नेली, तर तो थर सुमारे २५ पट पातळ होतो. त्यामुळे पातळ पाइपही चांगला तापतो.

हे काम इन्व्हर्टर करतो. आधी २३० व्होल्टच्या एसीचं डीसी होतं, साधारण ३२५ व्होल्टपर्यंत. मग आयजीबीटी नावाचे स्विच ते डीसी सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करतात. वेढ्यांना जोडीला एक कपॅसिटर दिलेला असतो. झोक्याला नेमक्या वेळी हात लावला की थोड्या जोरात तो उंच जातो ना, तसंच या जोडीचं आहे. तिची स्वतःची एक लय असते. वेढे ५० मायक्रोहेन्रीचे आणि कपॅसिटर ०.५ मायक्रोफॅरडचा असेल, तर ती लय येते सुमारे ३२ किलोहर्ट्झ. प्रत्यक्षात स्विच या लयीच्या किंचित वर चालवतात. तिथे स्विचवरचं व्होल्टेज शून्य असताना तो चालू होतो, म्हणून स्विच फार तापत नाही. पाइप तापला की लय थोडी सरकते. नियंत्रक तिच्या मागे मागे जातो.

आता व्यवहाराचं बोलू. मिनिटाला १ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २.८ किलोवॅट उष्णता लागते. पाण्यात बुडवलेला साधा हीटरही जवळजवळ सगळी वीज पाण्यालाच देतो. उलट इन्व्हर्टर आणि वेढ्यांत थोडी वाया जाते. म्हणून ‘इंडक्शन लावा, बिल निम्मं करा’ असं कुणी सांगितलं तर आधी हिशेब मागा. मावळच्या पावसाळ्यात सोलरचा भरवसा नसतो हे खरं, पण हॉटेलच्या आंघोळीच्या पाण्याला हीट पंप जास्त परवडतो, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलतो.

इंडक्शनचा खरा उपयोग दूध, तेल, सिरप यांच्यासाठी. उष्णता लांब पाइपावर सारखी पसरते, एकाच जागी करपत नाही, आणि हुकूम दिल्यावर लगेच कमी-जास्त होते. चिक्कीच्या पाकासारखा दाट पदार्थ मात्र ढवळावाच लागतो. तिथे पाइपाऐवजी कढईच वेढ्यांवर ठेवायची. तिचा तळ लोहचुंबक चिकटेल असा हवा.

शेवटी एक सांगतो, आणि हे विसरू नका. पंप थांबला तरी इन्व्हर्टर आपणहून थांबत नाही. पाइपात अडकलेल्या पाण्याची वाफ झाली तर पाइप फुटू शकतो. म्हणून प्रवाह थांबताच वीज तोडणारा फ्लो स्विच, तापमानाचा वेगळा कट-ऑफ आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह, या तिन्हींवर पैसे वाचवू नका. वेढ्यांजवळ उभा राहून काम करणारा माणूस या तीन वस्तूंच्या भरवशावर उभा असतो.

आता प्रश्न विचारा.