जुन्या संगणकांतील राखीव नकला नव्या संगणकावर उतरविण्याची रीत

नकलेवर कितपत भिस्त ठेवावी, हें जुन्या कागदांच्या संग्राहकांस सांगावयास नको. एखाद्या आळशी कारकुनाची नक्कल पुढें सांपडलेल्या असलाशीं ज्यानें एकदां ताडून पाहिली, तो कोणत्याही नकलेकडे संशयानेंच पाहतो. परंतु हेच संग्राहक घरच्या संगणकांतील नकलांविषयीं मात्र विलक्षण निश्चिंत असतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोडी पत्रांचीं बाळबोध लिप्यंतरें, शकावल्या, वंशावळी असें पुष्कळ साहित्य संगणकावर चढलें. त्याचा बॅकअप, म्हणजे राखीव नक्कल, घेऊन ठेविला आहे एवढ्यावर बहुतेकांचें समाधान असतें. आतां ते संगणक जीर्ण झाले आहेत व घरांत नवे येत आहेत. जुन्यावरील साहित्य नव्यावर कसें न्यावें व नेल्यावर कसें तपासावें, हें स्वानुभवाच्या आधारें येथें सांगावयाचें आहे.

प्रस्तुत लेखकानें इ. स. २००३ ते २००९ या अवधींत एका घराण्याच्या दप्तरांतील सुमारें चारशें पत्रांचीं लिप्यंतरें केलीं. घरच्या संगणकावर त्या वेळीं विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली होती. काम संपतांच दप्तर मालकांस परत केलें. पुढें त्यांचा वाडा पाडला गेला त्या गडबडींत रुमाल कोठें गेले, त्याचा आजवर थांग लागलेला नाहीं. अर्थात् हीं लिप्यंतरें हाच आतां त्या पत्रांचा एकमेव आधार होय. इ. स. २००५, २००७ व २००९ या सालांचे तीन बॅकअप बाहेरील डिस्कवर होते. नव्या संगणकास ती डिस्क जोडली तों तिन्हीं फाइली दिसल्या, परंतु एकही उघडेना.

याचें कारण असें. बॅकअप दोन तऱ्हेचा असतो. एका तऱ्हेंत फाइली जशाच्या तशा सुट्या उतरविलेल्या असतात. दुसऱ्या तऱ्हेंत सर्व फाइली एका मोठ्या फाइलींत, रुमालांत बांधल्याप्रमाणें, एकत्र बांधलेल्या असतात, आणि ज्या प्रणालीनें गांठ मारली तिलाच ती सोडतां येते. एक्सपीमधील एन्‌टीबॅकअप ही प्रणाली असें गांठोडें बांधी व त्याच्या नांवाच्या शेवटीं 'बीकेएफ' हीं अक्षरें असत. इ. स. २००७ मध्यें विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही प्रणाली काढून टाकण्यांत आली. जुनीं गांठोडीं सोडण्यापुरतें एक निराळें साधन मायक्रोसॉफ्टनें त्या वेळीं पुरविलें होतें खरें. पण जुना संगणक चालू होत असेल तर सर्वांत सुरक्षित मार्ग हाच कीं, गांठोडें जुन्याच घरीं सोडावें आणि सुट्या फाइली नव्या घरीं न्याव्या. गांठोडें सोडतांना फाइली मूळ जागीं ठेवूं नयेत. तेथें नंतरची सुधारलेली फाइल असल्यास तिच्यावर जुनी चढण्याचा धोका असतो. 'दुसरी जागा' हा पर्याय निवडून प्रत्येक सालासाठीं एक रिकामा फोल्डर करावा.

जुना संगणक या कामापुरताच सुरू करावा व इंटरनेटला मुळींच जोडूं नये, कारण एक्सपीची नित्य डागडुजी ८ एप्रिल २०१४ पासून बंद झालेली आहे. फाइली नेण्याचा पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असल्यास ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर मावत नाहीं. तो एन्‌टीएफ्‌एस पद्धतीनें आंखून घ्यावा. मात्र आंखतांना त्यावरील पूर्वींचें सर्व पुसलें जातें. संगणक सुरूच होत नसेल तरी घाबरूं नये. पुष्कळदां वीजपुरवठ्याचा भाग जळलेला असतो व हार्ड डिस्क धड असते. ती काढून जोडतारेनें नव्या संगणकास लावतां येते. जोडणी रुंद पट्टीची, ४० सुयांची आहे कीं अरुंद साटा पद्धतीची आहे, हें पाहून जोडतार घ्यावी. फोल्डर उघडण्यास परवानगी नाहीं असा निरोप आला, तर नव्या संगणकाच्या मुख्य वापरकर्त्याच्या नांवें त्याची मालकी करून घ्यावी लागते. पण पूर्वीं कोणी विंडोजमधील गुप्तलेखनाची सोय वापरून फाइली कुलूपबंद केल्या असतील, तर नुसती मालकी पुरत नाहीं. त्या वेळची किल्ली लागते व ती जुन्या संगणकावरूनच काढून आणावी लागते.

येथें मित्यांविषयीं थोडें विषयांतर क्षम्य व्हावें. फाइल उतरविली असतां 'निर्मितीची' तारीख नकलेच्या दिवसाची पडते व 'शेवटच्या फेरफाराची' तारीख मूळचीच राहते. त्यामुळें फेरफार आधींचा आणि जन्म नंतरचा, असा चमत्कारिक देखावा दिसतो. तो पाहून फाइल बनावट ठरवूं नये. उलट पक्षीं, संगणकांतील नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर त्याचें घड्याळ मागें जातें आणि त्या दिवशीं केलेल्या फाइलीवर भलत्याच सालाची मिती उमटते. म्हणून काम आरंभण्यापूर्वीं घड्याळ पाहावें.

आतां मुख्य अडचण. फाइली नव्या संगणकावर आल्या, उघडल्या, आणि बाळबोध मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसली. प्रथम वाटलें, सहा वर्षांचें काम बुडालें. वास्तविक एकही अक्षर बुडालें नव्हतें. त्या काळचे बहुतेक मराठी फाँट रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या बसवीत. फाइलींत नोंद संकेताची असते व आकृति फाँट पुरवितो. जुन्या संगणकाच्या विंडोज फोल्डरांतील 'फाँट्स' या फोल्डरांतून तोच फाँट आणून नव्यावर बसवितांच मजकूर पूर्ववत् दिसूं लागला. म्हणून फाइलींबरोबर फाँट आणण्यास विसरूं नये. जुना संगणक भंगारांत गेल्यावर तो मिळणें कठीण.

पुढें हा मजकूर युनिकोडमध्यें आणणें इष्ट असतें, पण खऱ्या चुका येथेंच शिरतात. प्रत्येक फाँटाची मांडणी निराळी असल्यामुळें त्याच फाँटासाठीं केलेली रूपांतर-प्रणाली पाहिजे. शिवाय 'कीर्ति' हा शब्द घ्या. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी 'त'च्या आधीं आणि रफार 'त'च्या नंतर, म्हणजे डोळ्यांस दिसतो त्या क्रमानें, नोंदलेला असतो. युनिकोडमध्यें पाय मोडलेला 'र' आधीं, मग 'त', मग वेलांटी, असा उच्चाराचा क्रम असतो. ही उलटापालट करतांना जोडाक्षरापाशीं रूपांतर-प्रणाली चुकते व वेलांटी शेजारच्या अक्षरास चिकटते. मराठी शुद्धलेखन तपासण्याची सोय चालू असल्यास ती मूळ पत्रांतील ऱ्हस्वदीर्घही सुधारूं पाहते. तिची एकही सूचना मानूं नये. रूपांतर झाल्यावर जुन्या फाँटांतील फाइल शेजारीं उघडून ओळीनें ओळ ताडावी. जुनी फाइल मात्र कधींही टाकूं नये. येथें तीच असल आहे.

रूपांतरापूर्वींची नक्कल हुबेहूब उतरली कीं नाहीं, हें पाहण्यास डोळे शिणविण्याचें कारण नाहीं. आधीं फाइलींची संख्या व एकंदर आकार जुळवावे. नंतर शा-२५६ पद्धतीनें दोन्हीं ठिकाणच्या फाइलींची खूण काढावी. ही ६४ अंकाक्षरांची असते व हल्लींच्या विंडोजमध्यें सर्टयुटिल या आज्ञेनें निघते. फाइलींत एका अक्षराचा फरक असला तरी खूण सर्वस्वीं बदलते. खुणा जुळल्याशिवाय जुनी डिस्क पुसूं नये. मीं खुणांची यादी कागदावर छापून त्याच फोल्डरच्या नांवानें बस्त्यांत ठेविली आहे.

तीन सालांचे तीन फोल्डर निराळे ठेविल्याचा एक लाभ अपेक्षिला नव्हता. इ. स. २००५ च्या फोल्डरांतील एका पत्राच्या मितीचा आकडा २००९ च्या फोल्डरांत निराळा आढळला. मधल्या काळांत पत्र पुन्हां पाहून मीं वाचन बदललें होतें, पण कारण कोठेंच टिपलें नव्हतें. २००७ च्या फोल्डरांत दोन्हीं आकडे व पुढें प्रश्नचिन्ह आहे. तिहींची एकच फाइल केली असती तर या संशयाचा मागमूसही उरला नसता. आणखी तीन पत्रें तिन्हीं फोल्डरांत अर्धवटच निघालीं. त्यांस 'पुढील मजकूर गहाळ' असा शेरा मारून तीं तशींच ठेविलीं आहेत.