किण्वाचा खारट घन : घरगुती कृती आणि एक सावधानता

संधानकल्पना आम्हा वैद्यांना नवी नाही. आसवारिष्टांच्या निमित्ताने किण्वाशी आपला नित्य संबंध येतो. परंतु त्याच किण्वाचा, म्हणजे यीस्टचा, रसक्रियेसारखा आटवलेला खारट घन इंग्लंडमध्ये शंभरहून अधिक वर्षे पावाला लावून खाल्ला जातो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बर्टन अपॉन ट्रेंट या मद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध गावी १९०२ साली बिअरच्या उरलेल्या यीस्टपासून हा पदार्थ 'मार्माइट' या नावाने बनू लागला.

मुंबईशी नाते

या पदार्थाचा पांडुरोगाशी जोडलेला इतिहास मात्र मुंबईत घडला. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका १९२८ साली मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भिणींमधील तीव्र रक्ताल्पतेचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने त्या रुग्णा सुधारतात, असे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील उपयुक्त घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला.

कृती

साहित्य : बेकरीत मिळणारे ताजे यीस्ट २५० ग्रॅम, कोमट पाणी २५० मिली, मीठ १२ ग्रॅम.

१) यीस्ट कुस्करून मीठ व पाण्यात एकजीव करावे. झाकलेले भांडे गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून मिश्रणाचे तापमान ४५ ते ५५ अंश सेल्सिअस राखावे. तापमापक अवश्य वापरावा, बोटाच्या अंदाजावर विसंबू नये.

२) अधूनमधून ढवळत सुमारे २४ तास ठेवावे. या अवधीत यीस्टच्या पेशी स्वतःच्याच एन्झाइमांनी स्वतःला पचवतात. प्रथिनांतून ग्लुटामेट सुटे होते आणि त्यातूनच विशिष्ट रुची येते. उष्णता फार वाढल्यास एन्झाइम नष्ट होतात, फार घटल्यास मिश्रण नासते. दुर्गंधी आल्यास मोह न धरता टाकून द्यावे.

३) नंतर १५ मिनिटे उकळावे. जिवंत यीस्ट पोटात जाऊ नये, हाही यातील हेतू आहे. मग शीतकपाटात रात्रभर निवू द्यावे. वरचा द्रव अलगद ओतून गाळणकागदातून गाळावा. खालचा पेशीभित्तिकांचा साका टाकावा.

४) गाळलेला द्रव वाफेच्या पाण्यावर आटवावा. येथे शर्करा नसल्याने अवलेहाप्रमाणे तंतू सुटण्याची वाट पाहू नये. चमचा फिरवल्यावर तळाशी रेघ उमटून क्षणभर टिकली की उतरवावे. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत, शीतकपाटात ठेवून दोन ते तीन आठवड्यांत संपवावे.

औषधनिर्माते बंधूंना एक विनंती. अरिष्टाच्या पिंपातील गाळ यासाठी वापरू नये. त्यात औषधी द्रव्यांचे अवशेष असतात आणि कोणते सूक्ष्मजीव वाढले आहेत, हे डोळ्यांना कळत नाही.

आमची चूक

ही कृती आम्ही काही वर्षांपूर्वी एका वृद्ध रुग्णाच्या कुटुंबास लिहून दिली. गृहस्थ पूर्ण शाकाहारी, दूधही न सोसणारे. मुलगा इंग्लंडहून बरण्या आणत असे, त्या संपल्या होत्या. घरचा घन रुचला. मुखावरील पांडुता कमी झाली, भूक सुधारली, आम्हीही समाधान मानले. आठ महिन्यांनी ते आले तेव्हा पायांना मुंग्या होत्या आणि अंधारात चालताना तोल जात होता. तपासणीत जीवनसत्त्व बी-१२ अत्यंत अल्प आढळले.

कारण साधे होते. यीस्ट बी-१२ तयार करीत नाही. विकतच्या बरणीत ते बाहेरून मिसळलेले असते, घरच्या बरणीत नसते. आणि केवळ फोलेट मिळाल्यास रक्ताचे चित्र सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी मागे चालूच राहते. बरणीवरची घटकांची यादी आम्ही वाचली असती तर हे टळले असते. तज्ज्ञांकडे पाठवून बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. मुंग्या कमी झाल्या, तळव्यांची बधिरता मात्र पूर्णपणे गेली नाही.

विवेक

चरकाचार्यांनी पांडुरोगाच्या हेतूंमध्ये क्षार, अम्ल व लवण यांचे अतिसेवन सांगितले आहे, हेही येथे स्मरावे. म्हणून हा घन पाव चमचा, पोळीवर वा पावावर पातळ लावून, केवळ रुचीसाठी घ्यावा. उच्च रक्तदाब व शोथ असता वर्ज्य करावा. प्युरीनच्या आधिक्यामुळे वातरक्तातही देऊ नये. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक औषधे घेणाऱ्यास तर कदापि देऊ नये. टायरामीनमुळे त्यांचा रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो.

पांडुरोगी शाकाहारी असेल तर घन सुचवण्यापूर्वी बी-१२ ची तपासणी करून घ्यावी आणि पायांच्या मुंग्यांविषयी आवर्जून विचारावे. हा प्रश्न आम्ही त्या दिवशी विचारला नाही. वैद्यबंधूंनी तो विचारावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.