इंटरफेस बदलला की जुना वापरकर्ता का चिडतो? : तांत्रिक प्रकाशनाच्या सॉफ्टवेअरवरून एक पाठ

प्रस्तावना

मी शिकवतो ते महाविद्यालय श्रीपेरुंबुदूरला, चेन्नई-बंगळूर महामार्गालगत आहे. इरुंगाट्टुकोट्टई आणि ओरगडम या औद्योगिक वसाहती इथून जवळ आहेत. या पट्ट्यात मोटारी, त्यांचे सुटे भाग, काच, इलेक्ट्रॉनिक वस्तू तयार होतात. प्रत्येक यंत्राबरोबर आणखी एक वस्तू तयार करावी लागते, पण तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती म्हणजे माहितीपुस्तिका. गाडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला कोणता बोल्ट किती घट्ट करायचा आणि कोणते काम करण्याआधी बॅटरी सोडवायची, हे ती पुस्तिका सांगते.

अशा पुस्तिका लिहिणाऱ्या एका संस्थेत माझी एक माजी विद्यार्थिनी काम करते. तिच्या रोजच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि पडद्यावरची सगळी मांडणी बदलली. तिने फोन करून विचारले, "सर, पाच वर्षं हेच काम करतेय आणि आज नवशिक्यासारखी बटणं शोधतेय. माझंच चुकतंय का?"

तिचे चुकत नव्हते. का, ते या पाठात पाहू. तुमच्यापैकी अनेक जण उद्या सॉफ्टवेअर बनवतील आणि कधी ना कधी एखाद्या चालत्या सॉफ्टवेअरचा इंटरफेस बदलतील. म्हणून हा विषय वापरकर्त्याइतकाच तुमचाही आहे.

१. तांत्रिक प्रकाशनाचे सॉफ्टवेअर म्हणजे काय?

पत्र किंवा अर्ज लिहायला साधा वर्ड प्रोसेसर पुरतो. पण हजार पानांची, शेकडो आकृत्यांची, दरवर्षी सुधारावी लागणारी पुस्तिका त्यात सांभाळणे कठीण जाते. तांत्रिक प्रकाशनाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी खास सोयी असतात. त्यातल्या तीन लक्षात ठेवा.

(अ) शैली : प्रत्येक परिच्छेदाला 'शीर्षक', 'कृती', 'इशारा' असे नाव दिलेले असते. त्याचे दिसणे त्या नावावरून ठरते.

(आ) संदर्भ : 'आकृती ४.२ पाहा' यातला क्रमांक हाताने लिहायचा नसतो. मध्ये एक आकृती वाढली तर तो अद्ययावत करण्याचे काम सॉफ्टवेअर करते.

(इ) सशर्त मजकूर : मूळ फाइल एकच असते. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी काही परिच्छेद दाखवायचे, डाव्या बाजूच्या गाडीसाठी ते लपवून दुसरे दाखवायचे. एका फाइलमधून दोन पुस्तिका निघतात.

ही तिसरी सोय विसरू नका. पाठाच्या शेवटी तिचे काम आहे.

२. प्रत्यक्ष उदाहरण : फ्रेममेकर ९

या क्षेत्रातले जुने आणि मान्यता पावलेले सॉफ्टवेअर म्हणजे फ्रेममेकर. फ्रेम टेक्नॉलॉजी या कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते सन कंपनीच्या युनिक्स वर्कस्टेशनवर आणले. १९९५ मध्ये ॲडोबने ती कंपनी विकत घेतली. पुढे अनेक आवृत्त्या आल्या, पण पडद्याची मूळ मांडणी ओळखीचीच राहिली. मेनू, वेगळ्या उघडणाऱ्या छोट्या खिडक्या आणि कळफलकावरून द्यायच्या आज्ञा, अशी ती होती. एस्केप कळ दाबून पुढे दोन-तीन अक्षरे दाबायची, ही युनिक्स काळातली पद्धत जाणकारांच्या बोटांत बसली होती.

२००९ च्या जानेवारीत आलेल्या नवव्या आवृत्तीत हा चेहरा बदलला. सुट्या खिडक्यांच्या जागी पडद्याच्या कडेला चिकटवता येणारी पॅनेल आली. कागदपत्रे टॅबमध्ये उघडू लागली. पॅनेलची आपल्या आवडीची मांडणी 'वर्कस्पेस' म्हणून जतन करता येऊ लागली. ॲडोबच्या इतर सॉफ्टवेअरशी हा चेहरा मिळताजुळता होता. जुन्या वापरकर्त्यांपैकी अनेकांना तो आवडला नाही. पॅनेल जागा खातात, नेहमीच्या गोष्टी नेहमीच्या ठिकाणी नाहीत, असा तक्रारींचा सूर होता. नव्याने शिकणाऱ्यांना मात्र हा इंटरफेस आधीच्यापेक्षा सोपा वाटू शकत होता. एकच बदल दोन गटांना इतका वेगळा का भासतो?

३. चिडण्याची कारणे

'माणसाला बदल नको असतो' हे उत्तर अपुरे आहे. तोच माणूस नवा फोन हौसेने घेतो. खरी कारणे अशी आहेत.

पहिले कारण : सवय हे भांडवल असते. वर्षानुवर्षे केलेली कृती विचार न करता होते. सायकल चालवताना आपण तोल सांभाळण्याचा विचार करत नाही, तसेच हे. बटणाची जागा बदलली की ते भांडवल एका दिवसात बुडते, आणि बुडणारा वापरकर्ता सर्वांत अनुभवी असतो.

दुसरे कारण : लक्ष विभागले जाते. तांत्रिक लेखकाचे लक्ष मजकुरावर हवे. 'आता ते बटण कुठे गेले?' हा प्रश्न आला की अर्धे वाक्य डोक्यातून निसटते.

तिसरे कारण : शिकायला वेळ नसतो. जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये 'सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास' मांडला. थोडा वेळ काढून शिकले तर पुढे फायदा आहे, हे खरे असते. पण लोक हातातले काम उरकण्याच्या मागे असतात आणि माहितीपत्रक वाचत बसत नाहीत. नव्या सोयींचा फायदा त्यामुळे दूर राहतो, त्रास मात्र आजच होतो.

चौथे कारण : निर्णय दुसऱ्याचा असतो. फोन आपण स्वतः बदलतो. कार्यालयातले सॉफ्टवेअर कंपनी बदलते, आणि पुस्तिकेची मुदत तीच राहते.

४. एक छोटे गणित

आपण अभियंते आहोत, तेव्हा चिडचिड मोजता येते का ते पाहू. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८० मध्ये 'कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल' मांडले. सरावलेल्या माणसाला एखादी कृती बिनचूक करायला किती वेळ लागेल, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. त्यातल्या किमती साधारण अशा :

एक कळ दाबणे : ०.२ सेकंद (माऊसच्या क्लिकलाही आपण हीच किंमत धरू)
माऊसने निशाण्यावर जाणे : १.१ सेकंद
कळफलकावरून माऊसवर किंवा उलट हात नेणे : ०.४ सेकंद
मनाची तयारी : १.३५ सेकंद

आता एक काल्पनिक सॉफ्टवेअर घेऊ. काम एकच : परिच्छेदाला 'इशारा' ही शैली लावणे.

जुना इंटरफेस, कळफलकाने : मनाची तयारी, मग एक खास कळ, नावाची पहिली दोन अक्षरे आणि एंटर, अशा चार कळा.
१.३५ + (४ × ०.२) = २.१५ सेकंद

जुना इंटरफेस, माऊसने : हात माऊसवर, मनाची तयारी, मेनू, मेनूतली आज्ञा, खिडकीतली शैली, 'ठीक' बटण, आणि हात परत. म्हणजे चार वेळा निशाणा आणि क्लिक.
०.४ + १.३५ + (४ × १.३) + ०.४ = ७.३५ सेकंद

नवा इंटरफेस, कायम उघड्या पॅनेलवर : हात माऊसवर, मनाची तयारी, शैली, 'लावा' बटण, आणि हात परत.
०.४ + १.३५ + (२ × १.३) + ०.४ = ४.७५ सेकंद

माऊस वापरणाऱ्याचे दर वेळी २.६ सेकंद वाचले. कळफलकाची जुनी वाट बंद झाली असेल, तर जाणकाराचे दर वेळी तेवढेच, २.६ सेकंद, गेले. ही कृती दिवसातून ३०० वेळा होते असे धरा. ३०० × २.६ = ७८० सेकंद, म्हणजे १३ मिनिटे. एकाला रोज १३ मिनिटे मिळाली, दुसऱ्याची १३ मिनिटे गेली.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, 'नवा इंटरफेस चांगला की वाईट?' हा प्रश्न अर्धवट आहे. 'कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी?' हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. दोन, हे मॉडेल सरावलेल्या आणि न चुकणाऱ्या माणसाचे आहे. बटण शोधण्यात गेलेला वेळ आणि चूक निस्तरण्यात गेलेला वेळ त्यात धरलेला नाही. पहिल्या काही आठवड्यांतला खरा तोटा या आकड्यापेक्षा मोठा असतो.

५. मग इंटरफेस बदलतातच का?

बदलणाऱ्याची बाजूही समजून घेऊ. दर आवृत्तीत सोयी वाढत जातात आणि मेनू लांबत जातात. शेवटी सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेली सोयही लोकांना सापडत नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डचे असेच झाले होते. म्हणून ऑफिस २००७ मध्ये मेनू काढून 'रिबन' आणली गेली. तिच्यावरही जुन्या वापरकर्त्यांनी भरपूर टीका केली.

दुसरे कारण एकसारखेपणाचे. एका कंपनीची चार सॉफ्टवेअर असतील, तर एक शिकलेल्याला दुसरे ओळखीचे वाटावे, हा हेतू रास्त आहे. २००९ मध्ये फ्रेममेकर ९ एकटेही मिळत होते आणि रोबोहेल्प, कॅप्टिव्हेट यांच्याबरोबर एका संचातही. तिसरे कारण नव्या लोकांचे. फक्त जुन्या जाणकारांना सांभाळत बसलेल्या सॉफ्टवेअरकडे नवे लोक वळत नाहीत. बदल टाळता येत नाही, पण तो कसा करायचा हे आपल्या हातात असते.

६. बदल सुसह्य कसा करावा?

दोन उदाहरणे पाहू.

ऑफिस २००७ मध्ये मेनू दिसेनासे झाले, तरी जुन्या आवृत्तीतल्या ऑल्ट कळेच्या बऱ्याचशा आज्ञा चालू ठेवल्या होत्या. डोळ्यांना नवे दिसत होते, पण बोटांची जुनी वाट उघडी होती. 'जुन्या मेनूतली ही आज्ञा आता कुठे आहे?' हे दाखवणारी मार्गदर्शिकाही दिली होती.

दुसरे उदाहरण मराठीचे. छापखान्यांत आणि कार्यालयांत अनेक वर्षे मराठी टाइप करणारे लोक टंकलेखन यंत्राच्या कळमांडणीवर तयार झाले होते. संगणकावरही सुरुवातीला त्याच मांडणीचे, युनिकोड नसलेले फाँट चालले. युनिकोड आले तेव्हा भारतीय भाषांसाठी प्रमाण मानलेली इनस्क्रिप्ट मांडणी पुढे आली. स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असलेली ही मांडणी तर्कशुद्ध आहे आणि नव्याने शिकणाऱ्याला सोपी जाते. पण मिनिटाला चाळीस शब्द टाइप करणाऱ्याला ती पहिल्या इयत्तेत बसवते. यावर चांगला तोडगा निघाला : टंकलेखन यंत्राच्या मांडणीत टाइप करा, आत मजकूर युनिकोडमध्येच साठेल. नवा मनुष्य इनस्क्रिप्ट शिकतो, जुना आपली बोटे राखतो, आणि दोघांची फाइल सारखीच असते.

दोन्ही उदाहरणांतले सूत्र एकच. आतली रचना बदला, दिसणे बदला, पण बोटांची वाट शक्यतो मोडू नका. मोडावीच लागली तर नवी वाट दाखवा आणि काही काळ दोन्ही वाटा चालू ठेवा.

७. पणाला काय लागलेले असते?

आता त्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. नव्या आवृत्तीत सशर्त मजकूर दाखवण्याची आणि लपवण्याची जागा बदलली होती. मुदतीच्या घाईत तिने डाव्या स्टिअरिंगच्या गाडीची पुस्तिका काढली. त्यात एक परिच्छेद लपलेला राहिला : एअरबॅगजवळ काम करण्याआधी बॅटरी सोडवून थांबावे, हा इशारा. सॉफ्टवेअरने चूक दाखवली नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती चूक नव्हतीच. छपाईआधी सहकाऱ्याने दोन्ही पुस्तिका ओळीने ताडून पाहिल्या, म्हणून ते लक्षात आले.

तिने मला विचारले होते की माझंच चुकतंय का. ती थकलेली होती, पण निष्काळजी नव्हती. जी कृती ती डोळे मिटून करू शकत होती, तिच्याकडे आता लक्ष द्यावे लागत होते, आणि तेवढे लक्ष मजकुरावरून उडाले. अशा वेळी चिडचिड हा स्वभावदोष समजू नये. लक्ष चुकीच्या ठिकाणी खर्च होत आहे, याची ती सूचना असते. इंटरफेस बनवणाऱ्याने ती ऐकावी, आणि वापरणाऱ्याने बदलाच्या काळात तपासणी दुप्पट करावी.

सारांश

- इंटरफेस बदलल्यावर होणारा त्रास खरा असतो आणि काही अंशी मोजता येतो.
- एकच बदल नवशिक्याला फायद्याचा आणि जाणकाराला तोट्याचा ठरू शकतो.
- बदलाची कारणेही खरी असतात : वाढलेल्या सोयी, एकसारखेपणा, नवे वापरकर्ते.
- चांगला बदल जुन्या सवयींना वाट ठेवतो आणि नवी वाट दाखवतो.

स्वाध्याय

१. तुमच्या फोनवरच्या एखाद्या ॲपमधली रोजची एक कृती निवडा. तिच्या पायऱ्या लिहा. वरच्या किमती फोनला जशाच्या तशा लागू पडतील का? कारण द्या.

२. वरच्या गणितात कळफलकाची जुनी वाट नव्या इंटरफेसमध्येही चालू ठेवली, तर जाणकाराचा तोटा किती उरेल? आणि तरीही तो कोणत्या कारणांनी तक्रार करू शकेल?

३. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे किंवा परीक्षा विभागाचे सॉफ्टवेअर बदलायचे आहे असे समजा. तिथे रोज काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना बदलाआधी विचारायचे पाच प्रश्न लिहा. ते खरोखर जाऊन विचारा, आणि त्यांच्या उत्तरांनी तुमच्या आराखड्यात काय बदलले ते नोंदवा.