पेशीतली बोडी आणि तिचा रखवालदार

वैनगंगेच्या खोऱ्यात, आरमोरीच्या आसपास धान पिकवणाऱ्याला बोडीचे मोल सांगावे लागत नाही. पावसाने ओढ दिली की बोडीतले पाणी बांधीत सोडायचे आणि पीक जगवायचे. अशीच एक बोडी आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. फरक एवढाच की ती पाण्याची नाही, कॅल्शियमची आहे.

पेशीला बाहेरून एक पातळ पटल असते. शेताला जसा धुरा, तसे हे. आत आणखी एक पटल नळ्या आणि चपट्या पिशव्यांच्या रूपाने पसरलेले असते. शाळेच्या पुस्तकात त्याला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. आपण नुसते जाळे म्हणू. कॅल्शियमचा साठा असतो तो या जाळ्याच्या पोकळीत.

हे जाळे जागोजागी बाहेरच्या पटलाच्या अगदी जवळ येते. किती जवळ? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यांतल्या १० ते ३० भागांइतके. तरीही दोन्ही पटले एकमेकांत मिसळत नाहीत. १९५७ साली पोर्टर आणि पॅलाडी या शास्त्रज्ञांनी स्नायूंच्या पेशींत ही जवळीक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपली.

आता तुम्ही म्हणाल, हे जाळे तिथे धरून कोण ठेवते? हे काम प्रथिनांचे. त्यांचे एक टोक जाळ्याच्या पटलात रोवलेले असते आणि दुसरे टोक बाहेरच्या पटलातल्या विशिष्ट स्निग्ध द्रव्याला धरते. २०१२ साली यीस्टच्या पेशीतून अशी सहा प्रथिने काढून टाकली, तेव्हा जाळे बाहेरच्या पटलापासून सुटून आत सरकले.

काही गाठी मात्र गरजेपुरत्या पडतात. ‘स्टिम’ नावाचे प्रथिन हा बोडीचा रखवालदारच समजा. साठा भरलेला असला की ते अंग आखडून बसते. साठा उतरला की ते उलगडते, आपल्यासारख्या इतरांना येऊन मिळते आणि हात लांबवून बाहेरच्या पटलाला धरते. तिथे ‘ओराय’ नावाचे दार आहे, ते उघडते. बाहेरचे कॅल्शियम आत येते आणि बोडी पुन्हा भरते.

हे दार उघडले नाही तर? २००६ साली असे आढळले की, जन्मतःच रोगप्रतिकारशक्ती अत्यंत दुबळी असलेल्या काही बालकांत ओराय प्रथिनातच दोष होता. रोगाशी झुंजणाऱ्या त्यांच्या पांढऱ्या पेशी शरीरात होत्या. पण कॅल्शियम मिळेना, म्हणून त्या कामाला लागेनात.

स्नायूंत व्यवहार उलटा चालतो. रोवणी करणारी बाई चिखलात रोप खोचते, तेव्हा मज्जातंतूचा निरोप आधी बाहेरच्या पटलाला मिळतो. ते पटल शेजारच्या जाळ्याचे दार उघडते, साठ्यातले कॅल्शियम सुटते आणि स्नायू आखडतो. दोन्ही पटले दूर असती, तर निरोप वेळेवर पोचला नसता.

आपल्याच देशात, बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, रघू पडिंजट आणि त्यांचे सहकारी फळमाशीच्या डोळ्यात अशाच गाठींचा अभ्यास करतात. उजेड पडला की तिथल्या बाहेरच्या पटलातले एक स्निग्ध द्रव्य खर्च होते. ते पुन्हा तयार करण्यासाठी लागणारा माल गाठीवरचे एक प्रथिन जाळ्यातून वाहून आणते. हे प्रथिन नसलेल्या माशीच्या डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशी उजेडातच झिजत जातात.

शिक्षक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. फळ्यावर पेशी काढताना आपण जाळे केंद्रकाजवळच काढतो आणि भोवती मोकळी जागा सोडतो. यापुढे त्याचे दोनचार फाटे बाहेरच्या रेषेपर्यंत न्यावेत, पण रेषेला चिकटवू नयेत. मधल्या बारीक फटीकडे बोट दाखवून मुलांना विचारावे, की इथे काय चालत असेल? उत्तरात रोगाशी झुंजणारी पांढरी पेशी येईल, रोप खोचणारा हातही येईल.